दर्जा बदलताना चित्र का अडखळतं?

प्रश्न : आमच्या व्याख्यानमालेचं थेट प्रक्षेपण मी एडब्ल्यूएस मीडियालाइव्हवरून करतो. चॅनल पायथनमधून तयार केलं आहे. १०८०, ७२० आणि ४८० असे तीन आउटपुट आहेत. पण नेट मंदावलं आणि दर्जा खाली आला की चित्र अडखळतं. काय करावं?

उत्तर : बहुतेक वेळा दोष कीफ्रेमच्या अंतरात असतो. प्लेअर एका दर्जावरून दुसऱ्यावर जातो तो सेगमेंटच्या सुरुवातीला, आणि तिथे तिन्ही आउटपुटमध्ये एकाच क्षणी कीफ्रेम हवी. त्यामुळे तिन्ही व्हिडिओ डिस्क्रिप्शनमध्ये फ्रेमरेट सारखा ठेवा, जीओपी साइझ (म्हणजे दोन कीफ्रेममधलं अंतर) २ द्या आणि एकक आवर्जून सेकंद लिहा. एचएलएस गटात सेगमेंटची लांबी ६ सेकंद ठेवा, म्हणजे ती जीओपीच्या पटीत बसेल. दृश्य बदलताच जादा कीफ्रेम घालणारी सीन चेंज डिटेक्ट सोय बंद करा.

कोडमध्ये तीन डिस्क्रिप्शन हातानं लिहू नका. एकच फंक्शन करून त्याला फक्त रुंदी, उंची आणि बिटरेट द्या. बाकीची मूल्यं आपोआप सारखी राहतील. प्रत्येक आउटपुटचं नेम मॉडिफायर मात्र वेगळं हवं.

बदल करण्याआधी चॅनल थांबवा. श्रोत्यांकडून एकही शब्द निसटू नये, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच मोबाइल डेटावर चाचणी घ्या.