सिंक आहे, मग बॅकअप कशाला?

प्रश्न : मी बेंगळुरूत घरूनच एकटा व्हीएफएक्सची कामं करतो. प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर गूगल ड्राइव्हला सिंक असतं. तरी वेगळा बॅकअप हवा का? शिवाय अपलोड संपता संपत नाही.
– एक वाचक, मल्लेश्वरम

उत्तर : हवाच. तुमच्या हातून शॉट डिलीट झाला, की सिंक तो ड्राइव्हवरूनही इमानदारीत उडवतं. ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो, नंतर गेला. १९९८मध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या बहुतेक फाइली एका कमांडने पुसल्या गेल्या आणि बॅकअपही कुचकामी निघाला. एका सहकारी बाईंच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून पिक्सार वाचली.

अपलोडचं म्हणाल, तर १०० एमबीपीएसच्या वेगानेही १ टीबी चढायला २२ तास लागतात. तेव्हा सिंकमध्ये फक्त न्यूक, ब्लेंडरच्या प्रोजेक्ट फाइली ठेवा. त्या हलक्या असतात आणि खरी मेहनत त्यांतच असते. सिम्युलेशनची कॅश एसएसडीवरच राहू द्या, गेली तर पुन्हा काढता येते. क्लायंटच्या मूळ प्लेट्स मात्र दोन हार्ड डिस्कवर घ्या. एक डिस्क नातेवाइकांकडे ठेवा आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून पाहा.

गोपनीयतेचा करार असेल, तर फुटेज ड्राइव्हवर चढवण्याआधी क्लायंटची लेखी परवानगी घ्या.