ट्रॅक्टरच्या जोडणीची पिन मोडली तर

बैलगाडीच्या आसाची खीळ निसटली की चाक निघून पडते, हे आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणूनच गाडी जुंपण्यापूर्वी खिळेवर एकवार नजर टाकण्याची रीत होती. ट्रॅक्टर आला, परंतु ही रीत मात्र गाडीबरोबरच मागे राहिली. नांगर अथवा ट्रॉली ज्या पिनांनी ट्रॅक्टरला जोडलेली असते, त्या पिना झिजतात, वाकतात आणि ऐन हंगामात मोडतात. अशा वेळी हाताशी येईल तो बोल्ट किंवा सळईचा तुकडा ठोकून काम रेटले जाते. या तुकड्याची किंमत कधी हातापायाने, तर कधी प्राणानेही मोजावी लागते. मोडलेली पिन शेतकऱ्याने स्वतः अवश्य बदलावी. परंतु ती कशी बदलावी आणि कोठे थांबावे, हे त्यास ठाऊक असले पाहिजे.

तीन दांड्यांचे काम

ट्रॅक्टरच्या मागे तीन दांडे असतात. खालचे दोन दांडे अवजार ओढतात. वरचा दांडा म्हणजे टॉप लिंक. अवजार उचललेले असता तो ताणला जातो. परंतु नांगर जमिनीत चालू असता तो बहुधा ट्रॅक्टरला पुढच्या बाजूस रेटा देतो. ही जोडणी आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांनी सिद्ध केली व १९३९ साली निघालेल्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे तिचा प्रसार झाला. त्यापूर्वी मागे ओढल्या जाणाऱ्या नांगराचा फाळ दगडास अडला, तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकावर उलटण्याची भीती असे. वरच्या दांड्याचा रेटा हे तोंड खाली दाबून धरतो. यास्तव टॉप लिंक मोडल्यावर तिच्या जागी साखळी किंवा दोर बांधणे अत्यंत घातक होय. साखळी ओढू शकते, रेटू शकत नाही.

पिन का मोडते?

पहिले कारण झीज. २२ मि.मी. जाडीची पिन झिजून १९ मि.मी. झाली, तर वरवर पाहता केवळ ३ मि.मी. कमी झाले, परंतु भार सोसणारे तिचे क्षेत्रफळ सुमारे एक चतुर्थांशाने घटते. दुसरे कारण चुकीचे माप. लहान व मध्यम ट्रॅक्टरांच्या पहिल्या वर्गाच्या जोडणीत टॉप लिंकची पिन पाऊण इंच (१९ मि.मी.) व खालच्या दांड्यांची २२ मि.मी. असते. मोठ्या ट्रॅक्टरांच्या दुसऱ्या वर्गात ही मापे एक इंच (सुमारे २५.५ मि.मी.) व सुमारे २८.५ मि.मी. अशी आहेत. दुसऱ्या वर्गाच्या गोळ्यात पहिल्या वर्गाची पिन घातली, तर साडेसहा मि.मी. पोकळी राहते व प्रत्येक धक्क्यास पिनेवर घण बसल्यासारखा आघात होतो. अशा ठिकाणी योग्य मापाचे बुश घातलेच पाहिजे. तिसरे कारण चालकाची घाई. नांगर जमिनीत असता वळण घेतल्यास सर्व भार एकाच बाजूच्या पिनेवर येतो.

विस्तव आणि पोलाद

धुळे तालुक्यातील सोनगीर हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते: पत्रा ठोकून ठोकून कडक होतो व विस्तवात तापविला की पुन्हा मऊ पडतो. पोलादाची पिनही कारखान्यात तापवून व पाणी देऊन बळकट केलेली असते. वाकलेली पिन भात्यावर तापवून सरळ केली, तर ते बळ निघून जाते. ती लाल असताना एकदम पाण्यात बुडविली, तर उलट काचेसारखी ठिसूळ होते. दिसावयास पिन सरळ झाली, तरी ती पहिली पिन राहत नाही. वाकलेली पिन टाकून द्यावी.

बदलण्याची रीत

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार पूर्णपणे जमिनीवर टेकवावे. इंजिन बंद करून किल्ली काढावी, ब्रेक लावावा व चाकांस दगडांची उटी लावावी. केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली कधीही हात घालू नये.

२. अडकलेल्या पिनेवर रॉकेल अथवा डिझेल सोडून थोडा वेळ थांबावे. मग पितळी दांडा मध्ये धरून हातोड्याने ठोकावे. पितळ मऊ असल्याने पिनेचे डोके पसरत नाही.

३. भोक व गोळा स्वच्छ पुसून पाहावा. भोक लांबट झाले असेल किंवा गोळा तडकला असेल, तर नुसती नवी पिन घालून उपयोग नाही; तीही लवकरच मोडेल.

४. जुन्या पिनेचे माप न झिजलेल्या टोकाशी घ्यावे. दुकानात जाताना जुनी पिन बरोबर न्यावी.

५. नवी पिन हाताने सरकली पाहिजे. परंतु डुगडुगता कामा नये. शेवटी लिंच पिन लावावी. तिच्या जागी तार किंवा खिळा चालणार नाही.

६. टॉप लिंकचे आटे दोन्ही बाजूंस सारखे आत ठेवावेत व लॉक नट आवळावा. बाजूच्या साखळ्या अशा बेताने ताणाव्यात की अवजार झुलून टायरला लागू नये.

७. मागे कोणी उभे नाही हे पाहून अवजार सावकाश उचलावे. तासभर काम झाल्यावर सर्व पिना पुन्हा तपासाव्यात.

कोठे थांबावे?

पिन, लिंच पिन, साखळी व संपूर्ण टॉप लिंक शेतकऱ्याने स्वतः बदलण्यास हरकत नाही. खालचा दांडा, ड्रॉबार किंवा उचलणारे हात तडकले असतील, तर मात्र वेल्डिंग करून वापरू नयेत. सांध्याशेजारचे पोलाद विस्तवाने बिघडते व पुढील तडा तेथेच जातो. हे भाग नवेच घ्यावेत व जाणत्या कारागिराकडून बसवावेत. अवजाराची साधी लोखंडी चौकट कुशल वेल्डरकडून जोडून घेता येते. परंतु त्यापूर्वी अवजार ट्रॅक्टरपासून वेगळे करावे.

ट्रॉलीची पिन

सोनगीर मुंबई-आग्रा मार्गावर आहे. अशा गावी शेतमालाची ट्रॉली हमरस्त्यावर आणावी लागते. तेथे ट्रॉली सुटली, तर संकट केवळ मालकापुरते राहत नाही. ट्रॉलीची पिन वरून खाली घालावी, तिला खालून क्लिप लावावी आणि पिनेवर अवलंबून नसलेली वेगळी सुरक्षा साखळी ट्रॉलीपासून ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जोडावी. भार नेहमी ड्रॉबारनेच ओढावा. चिखलात रुतलेले वाहन ओढताना साखळी टॉप लिंकच्या जागी बांधली, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो. चालकास क्लच दाबण्यासही अवसर मिळत नाही.

कार्यकर्त्यांसाठी

हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टर एके ठिकाणी बोलावून तासभर पिनांची तपासणी करावी. एक नवी व एक झिजलेली पिन शेजारी ठेवून शेतकऱ्यांच्याच हाती कॅलिपर द्यावा. पुष्कळ सांगण्यापेक्षा स्वतः घेतलेले माप मनावर अधिक ठसते. प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत योग्य मापाच्या दोन पिना व चार लिंच पिना असाव्यात, एवढे जरी साधले, तरी शेतात बोल्ट शोधण्याची पाळी येणार नाही.