तळ लांब, झाकण गच्च

ओंकार, परवा फोनवर म्हणालास, "आत्या, त्या डायनासोर माशाला काय काय लागतं ते मेसेजमध्ये टाक." मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून बसून लिहितेय. माझ्याकडचा तसाच मासा, बंड्या, अकरा वर्षांचा झालाय, तेव्हा या विषयात चार शब्द सुनवायचा हक्क मला आहे.

आधी नाव नीट घे. दुकानात त्याला 'डायनासोर ईल' म्हणतात. तो ईल नाही, डायनासोर तर नाहीच. बिचिर म्हणायचं. शास्त्रातलं नाव पॉलिप्टेरस, म्हणजे पुष्कळ परांचा. पाठीवर करवतीच्या दात्यांसारखे छोटे छोटे पर ओळीने उभे असतात, त्यावरून. मूळचा आफ्रिकेचा: नाईल, सेनेगल, नायजर, काँगो या नद्यांच्या काठच्या उथळ, गवताळ पाण्यातला. तू घ्यायचा तो राखाडी सेनेगलस, टँकमध्ये साधारण फूटभर वाढणारा. शेजारच्या टाकीत काळ्या पट्ट्यांचा एंडलिचेरी दिसला तर नमस्कार करून पुढे जा. तो अडीच फुटांच्या घरात जातो, आणि तुमच्या हॉलमध्ये आधीच सोफा बसत नाही.

आता मुद्द्याचं. या माशाचा संसार दोन जागी चालतो. राहणं तळाशी आणि श्वास छपराखाली. त्याला कल्ले आहेत, शिवाय फुप्फुसंही आहेत. मधूनच तो बाणासारखा वर येतो, हवा घेतो आणि खाली जातो. पहिल्यांदा बघशील तेव्हा ऑक्सिजन संपला म्हणून घाबरशील. मीही दुकानदाराला रात्री दहा वाजता फोन केला होता. त्याला वर येऊच दिलं नाही तर मात्र तो पाण्यात गुदमरू शकतो, मासा असून. म्हणून टँक काठोकाठ भरायचा नाही. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये दोन-तीन इंच हवा हवीच.

टँक घेताना उंचीवर पैसे घालवू नकोस, तळावर घालव. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी राहील, म्हणजे तेवढेच किलो, वर काच आणि वाळू वेगळी. तेव्हा लोखंडी स्टँड भिंतीला लागून, आणि काचेखाली थर्माकोलची शीट. आईच्या शोकेसवर ठेवायचा बेत असेल तर आत्ताच सोडून दे.

तळाला बारीक वाळू, बादलीत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलेली. ते निळे-गुलाबी खडे नकोत. घास उचलताना खडाही पोटात जातो. लपायला पीव्हीसीचा पाइप दे, पण तो मासा मोठा झाल्यावरही आत वळू शकेल एवढा रुंद घे. माझा पहिला पाइप बारीक निघाला आणि बंड्या त्यात अडकला. करवतीने पाइप कापताना माझे हात थरथरत होते, तो आत शांत होता.

आणि झाकण. झाकणाबद्दल मी तुझ्या लग्नातही बोलेन. बंड्या पहिल्या पावसाळ्यात टँकमधून निघाला. फिल्टरच्या नळीसाठी काचेत ठेवलेली फट, तीन बोटांची. सकाळी पाहते तर टँक रिकामा. शोधशोध केल्यावर चपलांच्या स्टँडमागे धुळीने माखलेला, तोंड हलवत पडलेला सापडला. हवा दमट होती आणि अंगावर जाड, चकचकीत खवल्यांचं चिलखत, म्हणून वाचला. त्याचा भाऊबंद रोपफिश मात्र माझ्याकडे वाचला नाही, तो उन्हाळ्यात निघाला होता. तेव्हापासून प्रत्येक फटीत स्पंज कोंबलेला असतो आणि झाकणावर वजन. बिचिर नाकाने झाकण ढकलतो, हे लक्षात ठेव.

जमिनीवर तो खरंच चालतो, बरं का. 2014 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी सेनेगलसची पिल्लं आठ महिने जवळजवळ कोरड्यावर, फक्त ओलावा ठेवून वाढवली. ती पाण्यातल्या भावंडांपेक्षा डोकं वर धरून, पर अंगाजवळ टेकून, कमी घसरत चालायला लागली. खांद्याकडची हाडंसुद्धा थोडी बदलली. तू असला प्रयोग करू नकोस. तुझ्या घरात मांजर आहे.

पाणी 25 ते 28 अंश. तुमच्या नाशिकच्या थंडीत हीटर लागेलच, पण त्याला जाळीचं आवरण घाल, नाहीतर हा त्याला टेकून झोपतो आणि पोट भाजून घेतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून बादलीत अँटिक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय पाणी ओतायचं नाही. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदल, सगळं कधीच नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून चकाचक करू नकोस. त्यातल्या चिकट घाणीतच माशाच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा. आत्याच्या घरी फिल्टर घाणेरडा का असतो, याचं उत्तर हे आहे.

खाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण लोक इथे चुकतात. बिचिरला दिसतं कमी, वास मात्र येतो. डोक्यापुढे दोन नळ्या दिसतील, त्या नाकपुड्या. घास समोर पडला तरी तो दोन वीत पलीकडे हुंगत फिरतो. तोवर वरचे चपळ मासे सगळं फस्त करतात, आणि आपल्याला वाटतं की टँकमध्ये सगळे जेवले. म्हणून दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने खायला घाल, लांब चिमट्याने त्याच्या नाकाशी. कोळणीकडून करंदी घे, सोलून, धुऊन, बारीक तुकडे करून. मीठ-हळद लावलेली नाही, हे वेगळं सांगायला नको, पण तुझ्या काकांनी एकदा तेही केलं होतं. गांडुळं आवडतात, बागेतली, जिथे औषध मारलेलं नाही तिथली. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं टाळ, ती घाण वासाचा पिवळा द्रव सोडतात. आणि आईचा फ्रीज शाकाहारी आहे. करंदीवरून घरात महाभारत नको असेल तर तळाशी बुडणाऱ्या मांसाहारी गोळ्यांची सवय लहानपणीच लाव. पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला एक दिवसाआड. पोट किंचित गोल झालं की थांबायचं.

जिवंत गोल्डफिश सोडून गंमत बघणारे मित्र तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. दुकानातल्या स्वस्त माशांबरोबर रोग येतात, आणि गोल्डफिशच्या मांसात ब 1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो.

सोबतीचा नियम एवढाच: जे तोंडात मावतं ते सोबती नाही, जेवण आहे. गप्पी, निऑन गेलेच समज. सिल्व्हर डॉलर किंवा मोठे गोरामी चालतील. प्लेको नको, तो रात्री बिचिरच्या अंगावर चिकटून बुळबुळीत थर ओरबाडतो. फ्लॉवरहॉर्न तर शेजारीसुद्धा ठेवू नकोस.

विकत घेताना घाई नको. दुकानदाराला तुझ्यासमोर खायला घालायला सांग. पोट आत गेलेला, डोळा धुरकट झालेला मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस. पिल्लाच्या डोक्यामागे दोन पिसांसारखे तुरे दिसले तर तो आजार नाही. ते बाहेरचे कल्ले, मोठेपणी नाहीसे होतात. नदीतून पकडून आणलेल्या माशाच्या अंगावर मात्र केसासारखे बारीक किडे असू शकतात, म्हणून आधी महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचा. तो टबही झाकणाचाच. सेनेगलसची आता पैदास करतात, तोच माग.

ही पैदास आज सोपी वाटते, पण केंब्रिजचा जॉन सॅम्युअल बजेट या माशाची अंडी मिळवायला पुनःपुन्हा आफ्रिकेत गेला. 1903 साली नायजरच्या मुखाजवळ त्याला ती मिळाली. घरी पोहोचला आणि 1904 च्या जानेवारीत तिकडून आणलेल्या तापानेच गेला, एकतीस वर्षांचा. बंड्याला चिमट्याने करंदी देताना मला तो माणूस आठवतो.

तू टँक भरून ठेव, फिल्टर चालू कर, मासा आणू नकोस. पुढच्या रविवारी मी येतेय, बंड्याच्या फिल्टरमधला जुना स्पंज टँकच्याच पाण्यात भिजवून, डब्यात घालून. तो तुझ्या फिल्टरमध्ये टाकू, म्हणजे जिवाणू लवकर वस्ती करतील. तरीही दोन-तीन आठवडे पाणी तपासत राहायचं, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही. आणि हो, झाकणाचं माप पाठव. काच मी इथूनच कापून आणते, तुझ्या मापावर माझा भरवसा नाही.