एक गेम, दोन कन्सोल

ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्हायवाला म्युच्युअल एक्सक्लूजन विचारलं की आपण प्रिंटरचं उदाहरण देतो आणि सुटतो. एका वेळी एकच प्रोसेस प्रिंटर वापरणार, बाकीच्यांनी थांबायचं. नेमक्या याच मुद्द्यावरून गेम कंपन्या आणि गेम खेळणारे गेली पंधरा वर्षं भांडत आहेत!

प्रश्न दिसायला साधा आहे. पैसे मोजून एक गेम डाउनलोड केला. एक कन्सोल घरी धाकट्या भावाकडे, दुसरा आपल्या रूमवर. मग हा गेम दोन्हीकडे चालायला हवा की नको?

डिस्क होती तेव्हा असला प्रश्नच नव्हता. सगळ्या विंगमध्ये एकच डिस्क फिरायची. ज्याच्या ड्राइव्हमध्ये ती, त्याची पाळी. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कवर तर कारखान्यातच अशी एक खूण उमटवलेली असे, की घरच्या सीडी रायटरला ती काढताच येत नसे. म्हणजे डिस्क ही नुसती माहिती नव्हती, ती किल्ली होती. आणि किल्ली एका वेळी एकाच खिशात राहते. सेमाफोरचं काम प्लॅस्टिकची चकती फुकटात करत होती.

डाउनलोड आला आणि माहिती व किल्ली वेगळ्या झाल्या. गेमची फाइल कितीही कन्सोलवर उतरवा, कंपनीला त्याचं काही वाटत नाही, कारण ती एन्क्रिप्टेड असते. ती उघडायला लागतं लायसन्स. अकाउंट कोणतं, गेम कोणता, कोणत्या मशीनवर चालेल, एवढं सांगणारा आणि कंपनीची डिजिटल सही असलेला हा छोटासा तुकडा. प्रत्येक कन्सोलची स्वतःची ओळख हार्डवेअरमध्येच बसवलेली असते. सही जुळली, ओळख जुळली तर गेम सुरू. नाहीतर स्क्रीनवर कुलपाचं चित्र.

आता तुम्ही म्हणाल, पैसे आमचे, मग गेम कुणाला द्यायचा ते आम्ही ठरवू. पुस्तकाच्या बाबतीत हे बरोबरच आहे. एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच सांगितलं. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये जुन्या गेमची विक्री कायदेशीर ठरवली. पण हे सगळं हातात धरता येणाऱ्या प्रतीबद्दल झालं. डाउनलोड केलेली गाणी पुन्हा विकण्याबद्दलच्या रीडिजी खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०१८ मध्ये म्हटलं, की फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवणं म्हणजे नवी प्रत तयार करणं, आणि तो हक्क तुमचा नाही. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने स्टीमवरचे गेम पुन्हा विकता यावेत म्हणून व्हॉल्व्ह कंपनीवर केस केली. २०१९ मध्ये ती जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली आणि २०२४ मध्ये सर्वात वरच्या कोर्टातही हरली. आपण 'बाय' बटण दाबून घेतो तो फक्त परवाना. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तर १ जानेवारी २०२५ पासून दुकानदाराने हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं बंधनकारक केलं आहे.

असो. कोर्ट-कचेऱ्या बाजूला ठेवू, आपल्या शाखेचा भाग जास्त मजेशीर आहे.

सेमाफोर एकाच मेमरीत असतो तेव्हा तो सांभाळणं सोपं. इथे दोन मशीन्स दोन गावांत, आणि मध्ये नेट असेलच याची खात्री नाही. मग रस्ते दोनच. एक तर हक्क कोणत्या मशीनकडे हे आधीच ठरवून टाकायचं, म्हणजे नेट नसलं तरी तिथे गेम चालेल, पण दुसरीकडे हलवायचा म्हणजे कटकट. नाहीतर दरवेळी सर्व्हरला विचारायचं. मग गेम कुठेही चालेल, पण नेट गेलं की गेम गेला. ज्यांनी डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स हा विषय घेतलाय त्यांच्या ओळखीचीच ही कात्री आहे.

सोनीने प्लेस्टेशन ३ वर एक गेम पाच कन्सोलवर चालवण्याची मुभा दिली होती. चौघा मित्रांनी वर्गणी काढून गेम घ्यायला ही उत्तम सोय होती! नोव्हेंबर २०११ मध्ये पाचाचे दोन झाले. प्लेस्टेशन ४ वर कंपनीने दोन्ही रस्ते एकत्र केले. एक कन्सोल 'प्रायमरी' ठरवायचा. त्यावर घरातला कुणीही, नेट नसतानाही खेळणार. बाकी कुठल्याही कन्सोलवर फक्त खरेदी करणारा, तोही ऑनलाइन असताना. म्हणून घरचा कन्सोल प्रायमरी करून भावाला द्यायचा आणि आपण रूमवर लॉगिन करून खेळायचं, ही युक्ती जगभर चालते. एका पैशात दोघे एकदम!

सर्वात गाजलेलं प्रकरण मात्र मायक्रोसॉफ्टचं. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनची घोषणा झाली तेव्हा योजना अशी होती, की डिस्कवरचा गेम एकदा हार्ड डिस्कवर घेतला की डिस्कची गरजच नाही. ऐकायला छान! पण मग तीच डिस्क मित्राला दिली तर? दोघांकडे गेम. डिस्क किल्ली राहिली नाही म्हटल्यावर दुसरी किल्ली हवी, म्हणून दर २४ तासांत एकदा तरी कन्सोलने सर्व्हरला हजेरी द्यायची. गेम मित्राला द्यायचा तर तो तुमच्या यादीत किमान ३० दिवस असलेला हवा आणि हे एका गेमच्या बाबतीत एकदाच करता येणार. बदल्यात घरच्या दहा जणांपर्यंत आपले गेम वाटून खेळता येणार होते.

लोक भडकले. नेट नसलेल्यांचं काय, असं विचारल्यावर कंपनीच्या डॉन मॅट्रिक यांनी अशा ग्राहकांसाठी आमचा एक्सबॉक्स ३६० आहेच, अशा अर्थाचं उत्तर दिलं, ते आगीत तेल ठरलं. सोनीने जूनमध्ये एक चिमुकला व्हिडिओ काढला. गेम शेअर कसा करायचा? एक माणूस डब्बी दुसऱ्याच्या हातात देतो, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने हजेरीची अट मागे घेतली. पण त्याबरोबर दहा जणांची सोयही रद्द केली, हे पुष्कळजण विसरतात. माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या योजना वेडगळ नव्हती. हाताशी असलेली डिस्क आधी निकामी करून मग तिच्या बदल्यात अटी घालणं मात्र लोकांना पटणं शक्यच नव्हतं.

निन्टेन्डोने २०२५ मध्ये वेगळंच केलं. स्विचवर त्यांनी 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आणलं, म्हणजे डाउनलोड केलेल्या गेमने कार्ट्रिजचं सोंग घ्यायचं! कार्ड एका कन्सोलमधून काढून दुसऱ्यात घालायचं. घातलं की तिथे ऑफलाइनही चालतं, आणि पहिल्याकडे ते राहत नाही. फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला ते १४ दिवस उसनंही देता येतं, पण देताना दोन्ही कन्सोल जवळजवळ हवेत. मुदत संपली की कार्ड आपोआप परत येतं, उसनं घेणाऱ्याचा सेव्ह डेटा मात्र त्याच्याकडेच राहतो.

नेटवर्क्समध्ये डीएचसीपी लीज शिकलात ना, तीच ही कल्पना. आयपी ॲड्रेस घेऊन लॅपटॉप पळून गेला तरी मुदतीनंतर राउटर तो परत घेऊ शकतो. उसना घेणारा गेम परत द्यायला विसरला, नेट बंद करून बसला, तरी कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. आत्तापर्यंतच्या सर्व उपायांत मला हाच सर्वात प्रामाणिक वाटतो. फक्त प्रायमरीवाल्या युक्तीने दोघांना एकदम खेळता यायचं, ती गंमत यात बऱ्यापैकी गेली.

पण मुदत आली की घड्याळ आलं. घड्याळ मागे करून लीज वाढवता येऊ नये, म्हणून युजरला हात लावता येणार नाही असं घड्याळ कन्सोलच्या आत ठेवावं लागतं, आणि ते चालतं छोट्याशा सेलवर. प्लेस्टेशन ४ मधला हा सेल संपला आणि सर्व्हरशी वेळ जुळवता आली नाही, तर विकत घेतलेले गेम, अगदी डिस्कवरचेसुद्धा, सुरूच होत नव्हते. आज ना उद्या सर्व्हर बंद होणार आणि सेलही संपणार, मग काय, अशी ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटावरचे काही जुने विकत घेतलेले गेम 'मुदत संपली' म्हणून अडले. अमेरिकेतल्या लोकांनी मुदतीची तारीख पाहिली, तर ३१ डिसेंबर १९६९! सी प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये टाइम फंक्शन वापरलेल्यांच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. युनिक्सचं शून्य सेकंद म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. मुदतीच्या रकान्यात कुठेतरी शून्य पडलं असावं. आपल्याकडे तोच शून्य पहाटे साडेपाचला दिसला असता.