एफएम नभोवाणी : परवान्याचे अर्थशास्त्र आणि वाहिन्यांचे बदलते स्वरूप

एखाद्या शहरात पाच खासगी एफएम वाहिन्या असूनही पाचही वाहिन्यांवर एकाच धाटणीची नवी चित्रपटगीते ऐकू येतात. हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. वाहिनीने काय ऐकवावे याचा निर्णय निवेदक घेतो असे वाटत असले, तरी त्या निर्णयाची चौकट परवाना शुल्क, वाहिन्यांची संख्या आणि मालकीचे नियम यांनी ठरते. भारतातील एफएम नभोवाणीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

प्रारंभ : शासकीय मक्तेदारीचा काळ

एफएम प्रक्षेपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होते. या लहरींची पोच मर्यादित असते, मात्र ध्वनी मध्यम लहरींपेक्षा स्वच्छ असतो. त्यामुळे हे माध्यम स्वभावतःच स्थानिक आहे. आकाशवाणीने २३ जुलै १९७७ रोजी मद्रास (आताचे चेन्नई) येथे एफएम सेवेचा प्रारंभ केला. १९८४ मध्ये नागरकोइल येथे आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. पुढे बीड, सातारा, यवतमाळ अशा जिल्ह्यांच्या ठिकाणीही स्थानिक केंद्रे उभी राहिली. शेती, आरोग्य, लोकसंगीत आणि परिसरातील घडामोडी हा त्यांच्या कार्यक्रमांचा गाभा होता.

१९९३ मध्ये आकाशवाणीने दिल्ली व मुंबई येथील एफएम वाहिन्यांवरील वेळ खासगी कंपन्यांना विकण्यास सुरुवात केली. प्रक्षेपक शासनाचा आणि कार्यक्रम खासगी, अशी ही व्यवस्था होती. गप्पांच्या ओघात केलेले निवेदन आणि श्रोत्यांशी दूरध्वनीवरून थेट संवाद ही शैली याच काळात रुजली. ही व्यवस्था १९९८ मध्ये संपुष्टात आली. दरम्यान, फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली व्हावा, असा निर्वाळा दिला. खासगी प्रसारणाच्या धोरणाला या निकालाची पार्श्वभूमी लाभली.

पहिला आणि दुसरा टप्पा

पहिल्या टप्प्यात ४० शहरांतील १०८ वाहिन्या लिलावासाठी ठेवण्यात आल्या. ३ जुलै २००१ रोजी बंगळूर येथे देशातील पहिली खासगी वाहिनी सुरू झाली. तथापि प्रत्यक्षात १२ शहरांत केवळ २१ वाहिन्या कार्यान्वित झाल्या. लिलावात ठरलेले वार्षिक शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होते. उत्पन्न वाढो वा न वाढो, शुल्कात सवलत नव्हती. व्यवसायाची सर्व जोखीम परवानाधारकावर पडली.

डॉ. अमित मित्रा समितीचा अहवाल आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) शिफारशी यांनंतर जुलै २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे धोरण जाहीर झाले. त्यात एकवेळचे प्रवेश शुल्क आणि त्यानंतर दरवर्षी, किमान रकमेच्या अटीसह, स्थूल महसुलाच्या ४ टक्के वाटा अशी रचना स्वीकारण्यात आली. उत्पन्न घटल्यास शुल्कही काही प्रमाणात घटते. म्हणजेच जोखीम शासन आणि वाहिनी यांच्यात विभागली जाते. ९१ शहरांसाठी ३३८ वाहिन्या देऊ करण्यात आल्या आणि कालांतराने देशात सुमारे २४५ खासगी वाहिन्या सुरू झाल्या.

संख्या वाढली, विविधता का नाही?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टाइनर यांनी १९५२ मध्ये या प्रश्नाचे विश्लेषण केले होते. ते एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, एका शहरातील ७० टक्के श्रोत्यांना नवी गीते, २० टक्के श्रोत्यांना जुनी गीते आणि १० टक्के श्रोत्यांना चर्चा व माहिती हवी आहे. तीन स्वतंत्र वाहिन्यांपैकी प्रत्येकीने नवी गीते लावली, तर प्रत्येकीला सुमारे २३ टक्के श्रोते मिळतात. जुन्या गीतांकडे वळल्यास केवळ २० टक्के मिळतील. साहजिकच तिन्ही वाहिन्या नवी गीतेच लावतील. चौथी वाहिनी आली, की नव्या गीतांतील तिचा वाटा १७.५ टक्के होईल. म्हणून ती जुन्या गीतांची निवड करील. तिसरा गट मात्र वाहिन्या बऱ्याच वाढेपर्यंत उपेक्षितच राहील. याउलट, तिन्ही वाहिन्या एकाच मालकाच्या असत्या, तर त्याने तीन भिन्न स्वरूपे ठेवून सर्वच श्रोते मिळवले असते.

वाहिन्यांची संख्या हवी तितकी वाढवणे शक्य नसते. लगतच्या वाहिन्यांची सरमिसळ टाळण्यासाठी भारतात एका शहरातील दोन वाहिन्यांमध्ये ८०० किलोहर्ट्झचे अंतर राखले गेले. स्वरूपाचे वेगळे प्रयोग झालेच नाहीत असे नाही. २००७ मध्ये दिल्लीत स्त्रियांसाठी गप्पा व चर्चा या स्वरूपात सुरू झालेली 'मियाऊ' ही वाहिनी अशाच प्रयोगांपैकी होय. पुढे ती नाव बदलून संगीताकडे वळली.

तिसरा टप्पा

२०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका शहरात एकाच कंपनीला एकाहून अधिक वाहिन्या चालवण्याची मुभा दिली. मक्तेदारी टाळण्यासाठी शहरातील एकूण वाहिन्यांच्या ४० टक्के ही कमाल मर्यादा आणि किमान तीन चालकांची अट घालण्यात आली. स्टाइनर यांचा तर्क येथे प्रत्ययास येतो. दिल्ली व मुंबईत 'फीवर' ही वाहिनी चालवणाऱ्या समूहाने २०१६ मध्ये जुन्या गीतांना वाहिलेली 'रेडिओ नशा' ही दुसरी वाहिनी सुरू केली. आपल्याच वाहिनीचे श्रोते फोडण्यात मालकाला लाभ नसतो.

याच धोरणाने आपल्या वाहिन्यांच्या जाळ्यात एकच कार्यक्रम देशभर ऐकवण्यासही परवानगी दिली. खर्च वाचल्याने लहान शहरातील वाहिनी तग धरू शकते. मात्र दूरच्या महानगरात तयार झालेला कार्यक्रम ऐकताना श्रोत्याला आपले शहर ऐकू येत नाही.

वृत्तांच्या बाबतीत खासगी वाहिन्यांना आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी प्रसारित करण्याची मुभा मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षा, आरोग्यविषयक सूचना व नैसर्गिक आपत्ती यांविषयीची माहिती वृत्तांच्या व्याख्येबाहेर ठेवण्यात आली. २०२३ मध्ये ट्रायने तासाला १० मिनिटांपर्यंत वृत्ते देऊ द्यावीत, अशी शिफारस केली.

समुदाय नभोवाणी : बाजारापलीकडचा मार्ग

ज्या श्रोत्यांकडे जाहिरातदाराला हवी ती क्रयशक्ती नाही, त्यांची गरज बाजार भागवत नाही. बाजाराच्या अपयशाचे हे ठळक उदाहरण होय. डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही समुदाय नभोवाणी केंद्रे चालवण्याची अनुमती मिळाली. मेदक जिल्ह्यातील दलित स्त्रियांनी चालवलेले 'संगम रेडिओ' २००८ मध्ये सुरू झाले. साताऱ्यातील म्हसवडचे 'माणदेशी तरंग' आणि पांबन येथील मच्छीमारांसाठीचे 'कडल ओसै' हीही याच परंपरेतील केंद्रे होत. त्यांची मुख्य अडचण अर्थातच निधीची आहे. २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा तासाला १२ मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली.

समारोप

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांसाठी ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. या शहरांपैकी अनेक शहरे लहान आहेत आणि तेथील जाहिरातींचे उत्पन्नही मर्यादित राहणार आहे. त्यामुळे लिलावातून किती रक्कम मिळाली, हा धोरणाच्या यशाचा एकमेव निकष मानता येणार नाही. ध्वनिलहरी सार्वजनिक मालमत्ता असतील, तर शहरातील अल्पसंख्य आवडीच्या आणि अल्प उत्पन्नाच्या श्रोत्याला त्या मालमत्तेतून काय मिळाले, हाही निकष तितकाच महत्त्वाचा ठरतो.