उसाची पात डोळ्याला लागली तर



हंगामात मोडनिंब परिसरातल्या फडात हात, तोंड पातीनं कापतं. त्याचं आपण मनावर घेत नाही. पण पात डोळ्याला लागली, तर हयगय करू नये, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. लाल डोळा दिसला की आपण म्हणतो, "डोळे आलेत, जातील चार दिवसांत." इथंच फसगत होते. लाल डोळ्याची कारणं निरनिराळी असतात.

१) विषाणूची साथ : जुलै २०२३ मध्ये राज्यभर आली ती मुख्यतः हीच. डोळ्यातून पाणी गळते. जंतुनाशक थेंबांनी विषाणू मरत नाही.

२) जंतूंमुळे आलेले डोळे : पिवळट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात. डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरॅमफेनिकॉल किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या थेंबांनी बहुधा आठवड्यात आराम पडतो. टॉवेल वेगळा ठेवावा.

३) बुबुळाची जखम : पात लागल्यावर डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही, नजर धूसर होते. जखम चिघळली की बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. ती जंतूंनी चिघळते, तशी बुरशीनंही. आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून डॉक्टर जखम खरवडून नमुना तपासतात. औषध सुरुवातीला तासातासाला, रात्रीही घालावं लागतं. एवढं करूनही फूल राहू शकतं.

हे टाळता येतं. नेपाळमधील भक्तपूर येथे बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांना क्लोरॅमफेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ पैकी एकाचीही जखम चिघळली नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ पैकी मात्र १४ जणांची चिघळली.

तेव्हा पाण्याची पाळी असो की तोड, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. सोय नसेल तर सोलापूरचे शासकीय सर्वोपचार रुग्णालय आहे. डोळा चोळू नका. जिभेनं कचरा काढणं, दूध, मध, तूप घालणं बंद करा. घरातली जुनी बाटली वापरू नका. तिच्यात स्टिरॉइड असेल, तर लाली उतरते आणि आत जखम वाढत जाते.

आपल्या फडातल्या तोडकरी बांधवांनाही हे समजावून सांगा. ऊस एक दिवस उशिरा तुटला तर थोडं वजन घटेल. गेलेली नजर मात्र परत मिळणं कठीण.