मधमाश्यांतील परभृता

संस्कृत वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला 'परभृत' हा शब्द नवा नाही. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, तिची पिल्ले दुसऱ्याकडून पोसली जातात, म्हणून ती परभृता किंवा अन्यपुष्टा. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात शकुंतलेला अव्हेरताना दुष्यंत नेमका हाच दाखला देतो, आणि एका पक्ष्याच्या सवयीवरून साऱ्या स्त्रीजातीवर लबाडीचा आरोप ठेवून मोकळा होतो! मला येथे लिहायचे आहे ते मधमाश्यांतील परभृतांविषयी. उद्योग आणि काटकसर यांचा आदर्श म्हणून शालेय निबंधात जिला मानाचे स्थान असते, त्याच कुळात दुसऱ्याच्या कष्टावर वाढणाऱ्या जातीही आहेत, आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत.

आपल्या डोळ्यांसमोर मधमाशी येते ती पोळ्यासकट. परंतु जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक पोळे बांधीतच नाहीत. एकेकटी मादी जमिनीत, मातीच्या भिंतीत किंवा पोकळ काडीत बीळ तयार करते, त्यात लहान लहान कोठड्या करते, प्रत्येक कोठडीत पराग आणि मकरंद यांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि कोठडी बंद करून टाकते. अळीच्या सबंध वाढीची शिदोरी तीच. ही आयती शिदोरी लाटणाऱ्या जातींचे प्रमाण एकूण जातींच्या सुमारे आठव्या हिश्शाइतके भरते.

आपल्याकडील एक जोडी सांगतो. तुळशीच्या मंजिऱ्यांवर गुणगुणत क्षणभर अधांतरी थांबणारी, पोटावर निळे पट्टे असलेली माशी पुष्कळांनी पाहिली असेल. शास्त्रात तिला 'अमेगिला' म्हणतात. वांगी-टोमॅटोच्या फुलाला लटकून, अंग थरथरवून ती पराग झाडून काढते. म्हणजे शेतकऱ्याची ती मित्रच. तिच्याच मागावर असते 'थायरियस'. अंग कोळशासारखे काळे, त्यावर निळसर-पांढरे ठिपके. दिसायला यजमाणीपेक्षा देखणी म्हणावी अशी. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या खंडात बिंगहॅमने हिच्या जाती 'क्रोसिसा' या नावाखाली वर्णिल्या आहेत. आमच्या गावी घराच्या मागील मातीच्या भिंतीपाशी पावसाळा सरता सरता मी या दोघींना पुष्कळ वेळ पाहत बसलो आहे. निळ्या पट्ट्यांची माशी कामात असते. ये-जा करते, आत शिरते, बाहेर येते. ठिपक्यांची माशी काहीच करीत नाही. भिंतीसमोर संथपणे तरंगते, एखाद्या भोकापाशी थबकते, पुन्हा दूर होते. घरमालकीण बाहेर पडली की ही आत.

आत काय होते ते अभ्यासकांनी बिळे उकरून पाहिले आहे. थायरियस बंद कोठडीचे झाकण फोडून आत आपले अंडे घालते. त्यातून निघालेल्या अळीला पहिल्या अवस्थेत विळ्यासारखे वाकडे, टोकदार जबडे असतात. त्यांचा उपयोग एकच, यजमाणीचे अंडे किंवा अळी ठार करणे. दुसऱ्या एखाद्या परभृतेचे अंडे तेथे असले तर त्याचीही तीच गत. एकदा कात टाकली की ते जबडे जातात आणि अळी मुकाट्याने पराग खाऊ लागते. 'स्फेकोडीस' या जातीत ही हत्या अळीवर सोपवलेली नसते. आईच ती उरकते आणि मग आपले अंडे घालते.

युरोपातील 'नोमाडा' या जातीची गोष्ट अधिक नवलाची आहे. नावाचा अर्थच भटकी. स्कोपोलीने १७७० साली ते दिले. तिची यजमाणीण जमिनीत बीळ करणारी 'अँड्रेना'. १९७७ साली टेंगो आणि बर्गस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकांनी दाखवले, की नोमाडाच्या नराच्या जबड्याजवळील ग्रंथींत जो सुगंधी द्रव असतो तो अँड्रेनाच्या मादीच्या गंधाशी जुळतो. समागमाच्या वेळी नर हा गंध मादीच्या अंगावर देत असावा, असे त्यांनी सुचवले. परक्या घरात शिरण्यासाठी लागणारा वेश नवऱ्याकडून मिळावा, हे कोणत्या नाटककाराला सुचले असते?

थंड प्रदेशातील बंबलबींमध्ये तर सबंध राज्यच हिसकावले जाते. परभृत मादी घरट्यात शिरते, राणीला मारते किंवा दबवून ठेवते, आणि राणीच्या कामकरी मुली परक्या पिल्लांना भरवत राहतात. या परभृतांत कामकरी माशी जन्मतच नाही.

यांना चोर, ऐतखाऊ म्हणणे सोपे आहे, आणि मराठीत अशा शब्दांना तोटा नाही. मला मात्र ही भाषा अपुरी वाटते. परभृतेने घेतले त्याची किंमतही मोजली आहे. पराग गोळा करायचा नाही म्हणून पायांवरचे किंवा पोटाखालचे परागाचे केस गेले. प्रतिकार सोसायचा म्हणून कवच जाड झाले. आता यजमाणीण नाहीशी झाली तर स्वतःचे घर मांडण्याचे साधन तिच्याजवळ उरलेले नाही. घर नाही म्हणून रात्री ती गवताची काडी जबड्यात घट्ट धरून, पाय अधांतरी सोडून झोपते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका वंशवृक्षाच्या अभ्यासानुसार यांपैकी सर्वांत जुन्या शाखेची ही वाट सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. इतक्या जुन्या वाटेवरून मागे फिरणे कसे व्हावे?

म्हणूनच परभृता दिसणे हे यजमाणीच्या सुबत्तेचे लक्षण समजतात. यजमाणी भरपूर असल्या तरच तिचा निभाव लागतो. त्या विरळ होऊ लागल्या की आधी हिची वाण पडते. आमच्या भिंतीला गेल्या वर्षी सिमेंटचा गिलावा झाला. घर पक्के झाले, त्याची गरजही होती. या पावसाळ्याअखेर तुळशीवर निळ्या पट्ट्यांच्या माश्या दोन-चार आल्या. जवळच्या बांधात कोठे त्यांची बिळे असतील. ठिपक्यांची माशी अजून दिसलेली नाही.